अडीच किलोचा आनंद

माझ्या सासूबाईंचं वजन अडीच किलोने वाढलं, त्या सकाळी मी मोहल्लाभर बत्तासे वाटले. हे आधीच सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर आमच्या कोंढा गावातलं दुसरं कोणीतरी सांगेल, आणि त्यात आणखी मीठमसाला घालेल. मी शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर हृदयाचे चार कप्पे खडूने काढून दाखवते. तरीही बत्तासे वाटले, आणि तेही चांगले अर्धा किलो.

सासूबाईंना मी आई म्हणते. आईंच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. लहानपणी त्यांचा घसा धरायचा, मग गुडघे सुजायचे, कोपरं सुजायची. घरच्यांनी तेल चोळलं, पोरगी उठून वावरात गेली, आणि सगळ्यांना वाटलं बरी झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. घशातल्या जंतूंशी लढायला शरीराने जी फौज उभी केली, तिला जंतू कोणता आणि आपली स्वतःची झडप कोणती हेच ओळखू आलं नाही. तिने झडपेलाच बडवून काढलं. मग वर्षानुवर्षं ती झडप सुजत, आकसत, जाड होत गेली. आता पन्नाशी ओलांडल्यावर विहिरीपासून घरापर्यंत एक गुंड, म्हणजे घागरभर, पाणी आणताना आईंना तीनदा बसावं लागत होतं.

"म्हणजे हिच्याच शिपायांनी हिले मारलं?" मामाजींनी विचारलं. मामाजी म्हणजे माझे सासरे.

"हाव," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर नागपूरचेच, आमच्यासारखंच बोलायचे, त्यामुळे मामाजींना ते एकदम घरचे वाटले. "आता झडप बदलावी लागते. नाही बदलली तर वर्ष-दोन वर्षं. त्याच्या पुढचं मी सांगत नाही."

आईंनी परतीच्या बसमध्येच निकाल देऊन टाकला. "छाती चिरू देत नाही मी. वर्ष तं वर्ष."

इथे मला माझा स्वभाव सांगावा लागेल. मी लाखांदूरची. आमच्याकडची बाई अंगणातून हाक मारते ती वावरात ऐकू जाते, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे माझे यजमान, फार सज्जन माणूस, भांडण सुरू झालं की बैलांना पाणी दाखवायला निघून जातात. त्या तीन दिवसांत आमच्या बैलांनी जेवढं पाणी पाहिलं तेवढं उन्हाळाभर पाहिलं नसेल. मी सकाळी भांडले, दुपारी भांडले, चुलीपुढे बसून भांडले. ह्या बाईने लग्नानंतर मला डी.एड. करू दिलं होतं. मामाजी नाही म्हणत होते तेव्हा त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली होती, "ते शिकायले जाईल, सैपाक मी करीन." आता तीच वर्षभरात मरायच्या गोष्टी करत होती, आणि मी ऐकून घेऊ?

"तुमी नाही गेल्या तं मी माहेरी चालली," मी शेवटी म्हटलं.

"जाय ना. कोन पकडून राहिलं तुले?"

"जाऊन परत येणार नाही."

आईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "जिती आणशीन?"

"चालत नेतो, चालत आणतो."

हे मी बोलून बसले. आमच्याकडे असा शब्द तोंडातून गेला की गेला. आईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चाल मंग." एवढ्यावर ठरलं. पण जबाबदारी आता झडपेची नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती, माझी होती.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आईंना पाठवलं दातांकडे. हे ऐकून मामाजी चाट पडले. "ऑपरेशन दिलाचं आहे, अन् दात कायले पाहाचे?" डॉक्टर हसले. म्हणाले, तोंडात किडका दात असेल, पायात चिघळलेली जखम असेल, छातीत कफ असेल, तर शरीर आधीच चिडलेलं असतं. आम्ही छाती उघडतो म्हणजे त्याला आणखी मोठं कारण देतो. मग त्याला आवरणं कठीण. म्हणून आधी सगळी भांडणं मिटवायची, मगच चाकू लावायचा. आईंच्या दोन दाढा निघाल्या आणि गुडाखू बंद झाला. दाढांचं आईंना काही वाटलं नाही, पण रोज सकाळी बोटाने घासायचा तो तंबाखूचा मसाला सुटला तेव्हा बाई चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

दवाखान्यातल्या कारकुनाने फॉर्म भरताना विचारलं, "जिल्हा?" मामाजी म्हणाले, "भंडारा." कारकून म्हणाला, "गोंदियाकडचे का?" मामाजींना राग आला. गोंदिया वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, पण मामाजींना ते अजून पचलं नव्हतं. "नाही, उरलेला भंडारा," ते म्हणाले. कारकुनाने मान वर केली नाही. आई खुर्चीवर बसून हसल्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ही बाई हसत होती, आणि मी कागदांची पिशवी तिसऱ्यांदा तपासत होते.

ऑपरेशन झालं. झडप बसली. दुसऱ्या दिवशी काचेतून आईंना पाहिलं आणि मी किंचाळायची तेवढी राहिले. तोंड एवढं सुजलेलं की डोळ्यांच्या नुसत्या दोन रेघा. मला वाटलं, दुसऱ्याच कोणाला दाखवून राहिले. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका मॅडम. झडप बदलेपर्यंत रक्त शरीराबाहेर काढून मशीनच्या नळ्यांमधून फिरवावं लागते. त्या रक्ताने जन्मात प्लास्टिक पाहिलेलं नसते. शरीराले वाटते, आलं कोणीतरी घरात घुसून! ते सगळीकडे सूज आणते. आम्ही ऑपरेशनच्या वेळेसच त्याले शांत करायचं औषध दिलं आहे. नसतं दिलं तं यापेक्षा जास्त सुजल्या असत्या." खरंच, चार दिवसांत सूज उतरली. चेहरा ओळखीचा झाला आणि त्या चेहऱ्याने पहिलं वाक्य काढलं, "बैलाइले कोन पाहून राहिलं?"

घरी निघताना सिस्टरने मला बाजूला घेऊन सूचना दिल्या. सिस्टर तरुण, कडक, भरभर बोलणारी. मीठ कमी. रक्त पातळ करायची गोळी रोज एकाच वेळेला. खोकताना छातीशी उशी धरायची, टाके जपायचे. आणि रोज सकाळी वजन करून लिहून ठेवायचं. "वजन वाढलं तर लगेच मला फोन करा," ती म्हणाली आणि चिठ्ठीवर दवाखान्याचा नंबर लिहून दिला. मी मान हलवली. मला सगळं नीट समजलं होतं. मला इतकं नीट समजलं होतं की मी एकही प्रश्न विचारला नाही.

आता आमच्याकडचं काय ते ऐका. नागपूरहून दवाखाना करून आलेला माणूस हाडांचा सापळा होऊन येतो. मग गाव त्याच्याकडे बघत असतं, भरतो कधी. गाल वर आले की म्हणतात, अंग धरलं. अंग धरलं म्हणजे वाचला. यावर आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. आई निघाल्या तेव्हा एक्केचाळीस किलोच्या होत्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. त्यामुळे सिस्टरचं बोलणं मी आमच्या पद्धतीने ऐकलं. मला वाटलं, केवढी चांगली पोरगी! एवढे पेशंट, पण हिला आमच्या आईंचं अंग कधी भरतं याची एवढी काळजी, की फोन कर म्हणाली.

वजन करायचं कशावर? घरात होता धान मोजायचा काटा. सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या ओसरीवर, तो ठेवलेला असायचा. खाली लोखंडी फळी, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. त्यावर आजवर धानाची पोती चढली होती, एकदा एक बोकड चढला होता. तिसऱ्या दिवसापासून आई चढू लागल्या.

मामाजी काट्यामागे उभे राहत. धान विकायला उभे राहायचे तसेच, चष्मा नाकावर ओढून, दांडीवर एक डोळा लावून. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "बारदाना काढा लागते." पोत्यासकट धान तोललं की पोत्याचं वजन वजा करतात, त्याला बारदाना काढणं म्हणतात. आईंचं लुगडं म्हणजे बारदाना! आई फळीवर उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, तर दांडी वर-खाली होऊ लागली. मामाजी ओरडले, "हालू नोको व! माल हालते!" मी सपरीच्या पायरीवर बसून पोट धरून हसले. मग त्यांनी खरंच एक कोरडं लुगडं आणून त्याचं वजन केलं आणि ते रोज वजा करू लागले.

आकडा मी कॅलेंडरवर लिहायची. एक्केचाळीस. एक्केचाळीस. एक्केचाळीस आणि थोडं. आठवडाभरात ही खेळाची वेळ होऊन बसली. सकाळी आठच्या सुमारास शेजारच्या बायका दात घासत, पोरं कडेवर घेऊन, सपरीपुढे जमायच्या. पलीकडच्या काकू तर आदल्या दिवशीच पैज मारून जायच्या, उद्या पाव किलो वाढणार म्हणून. मामाजी मुद्दाम वेळ लावायचे. वजन सरकवायचे, मागे घ्यायचे, पुन्हा सरकवायचे, आणि मग छाती काढून आकडा सांगायचे. वाढला की बायका "अवं माय!" करायच्या. मी टाळ्या वाजवायची. एकदा तर मी फुगडीची गिरकी घेतली, एकटीच, शाळेची साडी नेसून. आई फळीवरून माझ्याकडे बघत राहायच्या.

दुसऱ्या आठवड्यात बेचाळीस झालं, आणि श्रेय कोणाचं यावरून जुंपली. काकूंनी डिंकाचे लाडू आणले होते. माझी शिंगाड्याची खीर रोज चालू होती. माझी चुलत सासू मुगाची खिचडी तूप घालून आणायची आणि समोर बसून चारायची. "माह्या खिचडीनं चढून राहिली," ती म्हणायची. "अवो काकी, खिचडीत काय आहे? खीर पाहा माही," मी म्हणायची. आई मधे बसून थोडं थोडं खायच्या आणि कोणाला काही म्हणायच्या नाहीत. मी त्यांना विचारायची, "बरं वाटते ना?" त्या म्हणायच्या, "हाव, मस्त." खाटेवर त्या आता भिंतीला टेकून, पाठीशी गाठोडं लावून बसायच्या. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. मी म्हटलं, उन्हाचं असेल. थोडा कोरडा खोकला होता. मी म्हटलं, गुडाखू सुटला त्याचा असेल. माझ्याकडे सगळ्याचं उत्तर होतं बाप्पा!

मग ती सकाळ आली. आदल्या दिवशी शाळेच्या कामाने मी पवनीला गेले होते, म्हणून वजन झालं नव्हतं. मामाजींनी दांडी लावली. वजन सरकवलं. आणखी सरकवलं. चष्मा पुसला. बारदाना काढला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साडेचव्वेचाळीस."

परवा बेचाळीस होतं.

सपरीपुढे असा गलका झाला की काय सांगू! काकूंनी मला मिठी मारली. चुलत सासू म्हणाली, "पाहा माही खिचडी!" मी म्हटलं, "खिचडी, खीर, लाडू, सगळ्याइचं!" मला खरंच तेव्हा जगावर माया आली होती. मी आईंचे गाल दाबले. गुबगुबीत लागले. पाय पाहिले, तेही भरलेले. चालत आणतो म्हटलं होतं, आणि आता ही बाई चालत-बोलत, गुबगुबीत होऊन काट्यावर उभी होती. मी दुकानातून बत्तासे आणले, वाटले, आणि चिठ्ठी घेऊन बसस्टँडजवळच्या पीसीओवर गेले. लगेच फोन करा म्हणाली होती ना सिस्टर? एवढी चांगली बातमी हिच्यापासून कशाला लपवायची?

"सिस्टर!" मी ओरडले. रांगेतली चार माणसं वळली. "सिस्टर, वाढलं! दोन दिवसांत अडीच किलो!"

तिकडून आवाज आला नाही. मला वाटलं लाइन कटली.

"हॅलो? सिस्टर? अडीच किलो! आम्ही बत्तासे वाटले!"

"झोपताना आडव्या होतात का?" सिस्टर म्हणाली.

"काय?"

"पेशंट सपाट झोपते का, का बसून झोपते?"

मी विचार केला. भिंत, गाठोडं. "बसून," मी म्हटलं.

"ताप?"

"संध्याकाळी थोडा."

"पायावर सूज?"

पायावर मी आत्ताच हात फिरवून आले होते.

"मॅडम, ते वजन पाण्याचं आहे," सिस्टर म्हणाली. "आत्ता निघा. बसची वाट नका पाहू. गाडी करा."

रिसीव्हर ठेवला तेव्हा पीसीओवाला विचारत होता, "काय म्हणते सिस्टर? खुश झाली?" मी त्याच्याकडे बघितलं आणि पळत सुटले. चप्पल एकच पायात राहिली, दुसरी कुठे गेली ते आजवर कळलं नाही. वाटेत भेटेल तो म्हणत होता, "बत्तासे मस्त होते!"

जीपमध्ये आई मधे, मी एका बाजूला, आमचे हे दुसऱ्या बाजूला. मामाजी पुढे. मी आईंचा हात धरून बसले होते आणि मनात स्वतःला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या घालत होते. मला बऱ्याच येतात. विज्ञानाची मास्तरीण! पोरांना विचारते, पाण्याला वजन असते का? पहिलीतलं पोरगंही हो म्हणते.

दुपारी मशीन लावून डॉक्टरांनी हृदय पाहिलं. मग आम्हाला बोलावलं. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. ती सुजली होती आणि तिच्यात पाणी भरलं होतं. फुप्फुसाच्या बाजूलाही थोडं होतं. जंतू नाहीत, झडप उत्तम आहे, टाके उत्तम आहेत. "मग?" मी विचारलं.

"मग तेच," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनात पिशवी कापावी लागली. शरीराले दोन-तीन आठवड्यानं आठवलं, का बा आपल्याले कोणी कापलं होतं. आता ते बदला घेऊन राहिलं, अन् मारून राहिलं स्वतःलेच. काही काही पेशंटमध्ये होते असं. सूज उतरवायच्या गोळ्या सुरू करतो, पाणी काढायचं औषध देतो. दोन दिवस पाहू. पाणी उतरलं तं ठीक. नाही उतरलं, अन् हृदयाले दाबाले लागलं, तं सुई टाकून काढा लागन. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून ते सोपं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फोन केला ते चांगलं केलं."

मी काय म्हणणार? हाव म्हटलं. कोणत्या आवाजात केला ते त्यांना सिस्टरने सांगितलं असणारच, कारण ती मागे उभी राहून ओठ दाबून धरत होती.

आईंनी सगळं ऐकलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "म्हणजे माह्या अंगाले हिच्यासारखा राग येते. उशिरा येते, पण मंग आवरत नाही." डॉक्टर खो खो हसले. मला हसू आलं नाही.

ते दोन दिवस मी खाटेजवळून हलले नाही. दवाखान्यातही सकाळी वजन व्हायचं, पांढऱ्या चपट्या काट्यावर, बारदाना न काढता. पहिल्या सकाळी चव्वेचाळीस. म्हणजे अर्धा किलो गेलं. मामाजींनी विचारलं, "कमी झालं म्हणजे चांगलं ना आता?" चांगलं, मी म्हटलं. त्यांना ते उलटं गणित पटत नव्हतं. धानाच्या माणसाला घट म्हणजे घटच. दुसऱ्या सकाळी साडेबेचाळीस झालं. मामाजी व्हरांड्यात जाऊन एकटेच दोन्ही हात वर करून उभे राहिले. पलीकडच्या पेशंटच्या नातेवाइकांनी विचारलं, "काय झालं काका?" मामाजी म्हणाले, "बुढी दीड किलो उतरली!" त्या लोकांनी त्यांचं अभिनंदन करावं की सांत्वन करावं ते त्यांना समजेना.

त्या दुपारी पुन्हा मशीन लावलं. मी दाराशी उभी होते. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं नखं खातात, तशी खात होते. डॉक्टर बाहेर आले. "निम्म्याच्या वर गेलं पाणी. सुईची गरज नाही. गोळ्या काही आठवडे चालतील, एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या. राग असाच उतरवायचा असतो, मॅडम."

मी आत गेले. आई झोपल्या होत्या. सपाट. एका उशीवर, पाय लांब करून. मी कधीपासून त्यांना असं आडवं पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. मी त्यांचे पाय दाबले, पांघरूण सारखं केलं, पुन्हा पाय दाबले, आणि अर्थातच त्यांना जागं केलं.

"आई, एक विचारू? तुमाले काईच समजत नव्हतं? घरी?"

"काय?"

"दम लागत होता, दुखत होतं, काही?"

आईंनी छताकडे पाहिलं. "दुखत होतं ना. आठ दिवसापासून. श्वास घेतला का इथं सुरी लागल्यावानी होये. आडवं झालं का छातीवर कोनी बसल्यासारखं वाटे."

"मंग सांगतल्या काहून नाही?"

आई माझ्याकडे वळल्या. "कसं सांगू व? मी काट्यावर उभी राहो, अन् तू खालतं नाचत राहे. एवढी मोठी मास्तरीण, फुगडी खेळे माह्यापायी. माह्यासाठी जन्मात कोनी नाचलं नाही. मी म्हणो, आज नाचू दे इले. उद्या सांगीन."

आठ दिवस मी त्या बाईच्या छातीवर नाचत होते, आणि ती मला नाचू देत होती. आणखी दोन दिवस असेच गेले असते तर? मी खाटेच्या लोखंडावर डोकं टेकलं आणि रडले. मोठ्याने. मग रडता रडता मला असा राग आला, की मी उभी राहिले.

"मेल्या असत्या म्हणजे!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळला. "माह्या नाचासाठी मेल्या असत्या तुमी! मले नाच नाही पाहिजे, मले तुमी पाहिजे! दुखलं तं दुखते म्हणाचं! रोज म्हणाचं! समजलं?"

"हळू बोल व—"

"नाही बोलत हळू! घ्या माही शपथ!"

आईंनी छातीवरची उशी घट्ट धरली, खोकताना धरतात तशी, आणि हसल्या. उशी वर-खाली होत होती. डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "घेतली," त्या म्हणाल्या.

"मंग सांगा. आता काय दुखते?"

त्यांनी खरंच विचार केला. "उशी गोट्यासारखी आहे," त्या म्हणाल्या. "मघा दिलं ते पाणी थंडगार होतं. अन् तू जोरात बोलते, माहे टाके हालते."

वॉर्डातली एक म्हातारी फिस्सकन हसली. कोणाची कुरकुर ऐकून एवढं सुख होईल असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते. मी उशी बदलून आणली, पाणी कोमट करून आणलं, आणि तिसऱ्या तक्रारीचं आपल्याच्याने काही होणार नाही, असं त्यांना ओरडूनच सांगितलं.